अंतर्गळ : शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याची राणी कॅरोलाइन १७३७ च्या नोव्हेंबरात आजारी पडली, तेव्हा तिच्या पोटात काय बिघडले आहे हे राजवैद्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. असह्य कळा येत होत्या, ओकारी थांबत नव्हती, शौचास होत नव्हते. वैद्य आपापल्या परीने औषधे देत होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रक्त काढीत होते. खरे कारण एकट्या राणीला माहीत होते. १७२४ सालच्या शेवटच्या बाळंतपणानंतर तिच्या बेंबीपाशी अंतर्गळ झाला होता, आणि लाजेपोटी म्हणा, मानापोटी म्हणा, तेरा वर्षे ही गोष्ट तिने नवऱ्याखेरीज जवळजवळ कोणालाही कळू दिली नव्हती. अखेर राजानेच ती फोडली. जॉन रॅन्बी या शस्त्रवैद्याने पाहिले तेव्हा फुगवट्यातील भाग अडकून कुजू लागला होता. त्याने छेद घेतला. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. राणी त्या छेदाने मेली नाही. त्यानंतरचा आठवडाभर ती शुद्धीवर होती, बोलत होती, मुलांचा निरोप घेत होती, आणि जखम रोज उघडून पाहिली जात होती. १७ नोव्हेंबरला आतडे फुटले आणि २० तारखेला तिचा अंत झाला. लॉर्ड हर्वी हा दरबारी त्या दिवसांत राजवाड्यातच होता. त्याने आपल्या आठवणींत हा सारा वृत्तांत इतक्या निर्विकार तपशिलाने लिहून ठेवला आहे की, तो वाचवत नाही.

शस्त्रवैद्यकाचा इतिहास बहुधा चाकूच्या बाजूने लिहिला जातो. अमुक साली अमुक पुरुषाने अमुक छेद प्रथम घेतला, अशी त्याची मांडणी असते. अंतर्गळाच्या बाबतीत मात्र ही मांडणी अपुरी पडते. तासाभराचे काम आटोपल्यावर रोग्याचे पुढे काय झाले, जखम चिघळली की मिटली, फुगवटा परत आला की नाही, माणूस उठून चालू लागला की अंथरुणातच खिळला, याच प्रश्नांनी ही शस्त्रक्रिया घडविली आहे. किंबहुना तिच्यातील प्रत्येक मोठी सुधारणा ही मागच्या सुधारणेनंतर उद्भवलेल्या एखाद्या उपद्रवाचे उत्तर म्हणून आलेली दिसते.

ज्याला आज सर्रास हर्निया म्हणतात तो अंतर्गळ म्हणजे पोटाच्या भिंतीतील एखाद्या कमकुवत जागेतून आतील आवरण, आणि त्याबरोबर पुष्कळदा आतडे, बाहेर डोकावणे. पुरुषांत ही जागा बहुधा जांघेत असते. कारण गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरतात, तेव्हा त्यांच्यासाठी भिंतीत एक तिरकी वाट राहून जाते. त्या वाटेने रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी यांची दोरी जात असते, म्हणून ती वाट पुरती बुजविताही येत नाही. सारी अडचण येथेच आहे. सैल शिवावे तर आतडे पुन्हा उतरते आणि घट्ट शिवावे तर वृषणाचा रक्तपुरवठा आवळला जातो.

आपल्या प्राचीनांनी ही अडचण ओळखली होती. सुश्रुताने वृद्धीचे सात प्रकार सांगितले, त्यांत अंत्रवृद्धी हा एक आहे. आतडे जांघेपाशीच आहे तोवर अर्धचंद्राकृती तप्त शलाकेने तेथे डाग द्यावा, आणि ते एकदा वृषणकोशात उतरले की तो रोगी सोडून द्यावा, असा त्याचा अभिप्राय आहे. सोडून द्यावा हे शब्द आज कठोर वाटतात. परंतु छेद घेतल्यानंतर जे होणार ते निस्तरण्याचे साधन हाती नसताना छेद न घेणे हाच शहाणपणा होता. युरोपात मध्ययुगात हा संयम पाळला गेला नाही. गावोगाव फिरणारे अंतर्गळ कापणारे लोक पिशवीबरोबर त्या बाजूचे वृषणही सरसहा काढून टाकीत, वर डाग देत, आणि जखम चिघळण्याच्या आत पुढच्या गावाला निघून जात. मागे राहणाऱ्यांचे काय झाले याची नोंद त्यांना ठेवावी लागत नसे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआझ पारे व पिएर फ्रँको यांनी वृषण राखण्याचा आग्रह धरला. तथापि सामान्य माणसाचा खरा आधार कमरेचा पट्टा हाच होता आणि तो पुढे तीनशे वर्षे तसाच राहिला.

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे दाखविण्यात आली आणि १८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाचा जंतुघ्न उपचार प्रसिद्ध केला. आता जांघ उघडून निवांतपणे काम करणे शक्य झाले. युरोप-अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनी आतड्याची पिशवी बांधून कापावयास व तोंडाशी टाके घालावयास आरंभ केला, आणि त्यास ‘समूळ उपचार’ असे भारदस्त नावही दिले. रोगी आठ-पंधरा दिवसांनी घरी जात. रुग्णालयाच्या दप्तरात ‘बरा झाला’ अशी नोंद होई. वर्ष-दोन वर्षांत त्यांतले पुष्कळसे तोच फुगवटा घेऊन दुसऱ्या एखाद्या दवाखान्याची पायरी चढत. न्यूयॉर्कचा विल्यम बुल याने १८९१ साली शस्त्रक्रियेनंतर अंतर्गळ उलटलेल्या रोग्यांवरच टिपण प्रसिद्ध केले. किती बरे झाले याऐवजी किती उलटले हे मोजावे, ही त्याची भूमिका तेव्हाच्या व्यवसायबंधूंना फारशी रुचणारी नव्हती.

त्याच सुमारास इटलीतील पाडुआ येथे एदुआर्दो बास्सिनी हा प्राध्यापक हेच मोजण्याचे काम निमूटपणे करीत होता. त्याची कथा थोडी सविस्तर सांगावी अशी आहे. १८४४ साली जन्मलेला हा तरुण १८६६ साली पाव्हियात वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडला, आणि दुसऱ्याच वर्षी रोम मुक्त करण्यासाठी निघालेल्या कैरोली बंधूंच्या तुकडीत सामील झाला. ऑक्टोबर १८६७ मध्ये रोमच्या वेशीजवळ व्हिला ग्लोरी येथे पोपच्या सैनिकांशी चकमक झाली. एन्रिको कैरोली तेथेच पडला. बास्सिनीच्या उजव्या जांघेत संगीन घुसली आणि तो कैद झाला. जखमेतून आतड्यापर्यंत वाट पडली, तिच्यातून मळ बाहेर येऊ लागला, आणि हा नाडीव्रण महिनोन् महिने वाहत राहिला. पाव्हियाचा त्याचा गुरू लुइजी पोर्ता याच्या देखरेखीखाली तो हळूहळू भरला. जांघेची रचना पुस्तकातून शिकणारे वैद्य पुष्कळ होते. तेथील जखम न मिटणे म्हणजे काय हे अंगावर सोसलेला हा एखादाच.

पुढे त्याने व्हिएन्ना, बर्लिन, म्यूनिक व लंडन येथे त्या काळच्या थोर शस्त्रवैद्यांचे काम पाहिले. १८८४ साली त्याने आपली नवी शस्त्रक्रिया प्रथम केली व १८८७ साली ती इटालियन शस्त्रवैद्यांपुढे मांडली. तिच्यामागील विचार साधा होता. पिशवीचे तोंड नुसते बांधून भागत नाही, कारण दोष पिशवीत नसून भिंतीत आहे. म्हणून जांघेतील तिरक्या वाटेची मागची भिंत उघडून, तिचे तीनही थर एकत्र घेऊन, खालच्या चिवट बंधाशी रेशमाच्या सुट्या टाक्यांनी शिवावयाचे, आणि दोरीला त्या नव्या भिंतीपुढून वाट द्यावयाची. अशा रोग्याला पुढे पट्टा बांधण्याची गरज उरू नये, हे त्याने यशाचे गमक ठरविले. १८९० साली जर्मन नियतकालिकात त्याने २६२ शस्त्रक्रियांचा हिशोब दिला. त्यांत अंतर्गळ उलटलेले अवघे ७ होते. या आकड्यापेक्षाही मोलाची गोष्ट अशी की, हे रोगी त्याने घरी गेल्यावरही सोडले नव्हते. काहींची खबर चार-साडेचार वर्षांपर्यंत त्याने ठेविली होती. शस्त्रवैद्याने रोग्याचा असा पाठपुरावा करणे त्या काळी मुळीच रूढ नव्हते.

बास्सिनीची कीर्ती जगभर झाली, आणि जी गत कीर्तिमान पद्धतींची होते तीच तिचीही झाली. परदेशी वैद्य पाडुआस येऊन घाईघाईने पाहून गेले, त्यांच्याकडून ऐकून दुसऱ्यांनी केली, आणि मागची भिंत उघडण्याचा कष्टाचा भाग वाटेत कोठेतरी गळून पडला. नाव बास्सिनीचे राहिले, टाके मात्र वरवरचे झाले. विशेषतः अमेरिकेत अनेक दशके ही पातळ आवृत्तीच चालू होती, आणि उलटणाऱ्या अंतर्गळांचे प्रमाण पुन्हा वाढले तेव्हा दोष मूळ पद्धतीला देण्यात आला.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हाही जवळजवळ त्याच वेळी स्वतंत्रपणे याच मार्गाला लागला होता. त्याच्या शस्त्रक्रियेचा एक उपद्रव उल्लेखनीय आहे. वाट अरुंद करता यावी म्हणून तो दोरीतील बऱ्याच शिरा काढून टाकी. भिंत पक्की होई. परंतु पुढे काही रोग्यांच्या वृषणाभोवती पाणी साचे, काहींचे वृषण सुकत जाई. हे ध्यानात आल्यावर शिरा काढण्याचा प्रघात त्याने सोडला. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूस थोडी सूज येणे, काळेनिळे डाग खाली उतरणे हे आजही नेहमीचे आहे व ते बहुधा आपोआप ओसरते. मात्र वृषण एकाएकी कठीण होऊन दुखू लागले, तर तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो आणि तेथे वाट पाहत बसणे धोक्याचे ठरते.

त्याच रुग्णालयात रबरी हातमोजे आले, तेही मजेशीर वाटेने. कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुघ्न द्रवाने पुरळ येई, म्हणून हॉल्स्टेडने १८८९-९० च्या सुमारास एका कारखान्याकडून पातळ रबराचे मोजे करवून घेतले. १८९० साली त्याने तिच्याशी विवाह केला. मोजे वापरण्यात जखमेचा विचार नव्हता, हातांचा होता. रोग्याला त्याचा काय लाभ होतो हे हॉल्स्टेडचा साहाय्यक जोसेफ ब्लडगुड याने दाखविले. त्याने अंतर्गळाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून १८९९ साली सांगितले की, हातमोज्यांपूर्वी सुमारे १७ टक्के जखमांत पू होत असे. मोजे वापरू लागल्यावर ते प्रमाण २ टक्क्यांच्या खाली आले. अंतर्गळाच्या जखमेत पू होणे म्हणजे नुसती वेदना व ज्वर नव्हे. पुवाने टाके सुटतात, शिवलेले थर विलग होतात, आणि रेशमाचा एखादा धागा आत कुजत राहिला तर तेथून महिनोन् महिने स्राव होतो. पू झालेल्या जखमांत अंतर्गळ उलटण्याचा संभव त्यामुळेच अधिक.

जखम स्वच्छ राहू लागली, तरी रोगी अंथरुणातच होता. टाके तुटू नयेत म्हणून त्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे उताणे झोपवून ठेवीत. जखमेला विश्रांती द्यावयाची म्हणून साऱ्या देहाला जखडावयाचे, हे तर्कशास्त्र वरकरणी निर्दोष दिसते. प्रत्यक्षात फुप्फुसांच्या तळाशी कफ साचे, खोकला लागे, आणि खोकल्याचा प्रत्येक धक्का नव्या टाक्यांवर बसे. लघवी अडे. बद्धकोष्ठ होई, व कुंथताना पुन्हा तोच ताण येई. सर्वांत भयंकर म्हणजे पायांच्या शिरांत रक्त थिजे, आणि जखम उत्तम मिटलेला माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी शौचकूपाकडे जाताना एकाएकी कोसळून गतप्राण होई. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्याने असे होते, हे बर्लिनच्या रूडॉल्फ व्हिर्खोने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सिद्ध केले होते. तरीही अंथरूण सुटले नाही. त्या मृत्यूंचा दोष लवकर उठण्याला दिला जाई. फार दिवस पडून राहण्याला नव्हे.

याला भुलेचीही साथ होती. ईथर व क्लोरोफॉर्म यांतून जागा होताना रोगी तासन् तास ओकत असे, आणि त्या उमाळ्यांनी नुकती शिवलेली भिंत ताणली जात असे. क्लोरोफॉर्मने तर कधी कधी टेबलावरच मृत्यू ओढवे. तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद त्या काळी फार गाजला. त्याचा निर्णय लावण्यासाठी निजामाच्या खर्चाने हैदराबादेस १८८८ व १८८९ साली दोन समित्या बसल्या. एडवर्ड लॉरी हा तेथील रेसिडेन्सी सर्जन त्यांचा सूत्रधार होता. श्वासावर लक्ष ठेवावे, हृदय आधी थांबत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुरता खरा नव्हता, हे १९११ साली गुडमन लेव्ही याच्या प्रयोगांनी ठरले. परंतु भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावरून नजर हलवू नये ही हैदराबादची शिकवण वाया गेली असे म्हणता येत नाही.

पूर्ण भूल टाळण्याची युक्ती पुन्हा बाल्टिमोरलाच निघाली. हॉल्स्टेडचा शिष्य हार्वे कुशिंग, जो पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी विख्यात झाला, त्याने १९०० साली कोकेन टोचून केवळ जांघ बधिर करून अंतर्गळ शिवण्याची पद्धत वर्णिली. त्यासाठी त्या भागातील मज्जातंतूंचे मार्ग नेमके माहीत असणे अवश्य होते, व ते त्याने बारकाईने सांगितले. या मज्जातंतूंचा प्रश्न शंभर वर्षांनी निराळ्या रूपाने उभा राहिला; त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

रोग्याला लवकर उठवावे असे शिकागोच्या एमिल रीस याने १८९९ सालीच सांगून पाहिले, पण त्याचे कोणी ऐकले नाही. ऐकावयास लावले ते युद्धाने व मुलांनी. टोरांटोच्या अर्ल शौल्डिस याने १९३२ साली सात वर्षांच्या एका मुलीचे आंत्रपुच्छ काढले. ती मुलगी अंथरुणात राहण्यास काही केल्या तयार होईना, आणि धावपळ करूनही तिची जखम उत्तम मिटली. ही गोष्ट त्याच्या मनात राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी जवान केवळ अंतर्गळामुळे नाकारले जात होते. शौल्डिसने त्यांच्यापैकी सुमारे सत्तर जणांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यांना ताबडतोब हिंडते-फिरते केले. १९४५ साली त्याने केवळ अंतर्गळासाठी रुग्णालय काढले. तेथे जागा बधिर करून बास्सिनीप्रमाणेच मागची भिंत उघडीत, तिच्यावर एकावर एक थर चढवून अखंड टाका घालीत, आणि काम संपले की रोगी स्वतःच्या पायांनी खोलीकडे जात असे. १९४६ साली डेट्रॉइटच्या डॅनियल लीथॉसरने लवकर उठण्याच्या फायद्यांवर ग्रंथच लिहिला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत तीन आठवड्यांचे अंथरूण बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाले. तीन महिने पाण्याची घागरही उचलू नये ही समजूत मात्र आपल्याकडील अनेक घरांत अद्याप टिकून आहे. आजच्या वैद्यकीचे सांगणे असे की, त्याच दिवशी चालावे आणि नित्याची कामे वेदना सोसेल त्याप्रमाणे सुरू करावीत. खोकला व बद्धकोष्ठ यांचा मात्र वेळीच बंदोबस्त करावा.

आता उरला तो ताण. भिंतीचे दोन काठ ओढून जवळ आणले की ते ताणलेले राहतात, आणि ताणलेला टाका मांस कापीत जातो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील फ्रान्सिस अशर याने १९५८ साली प्लास्टिकच्या विणलेल्या जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लॉस एंजेलिसच्या आयर्व्हिंग लिख्टनश्टाइन याने पुढे काठ ओढणे अजिबात सोडून देऊन सर्वांनाच अशी जाळी लावावयास आरंभ केला, आणि १९८९ साली एक हजार रोग्यांत एकाचाही अंतर्गळ उलटला नाही असे जाहीर केले. शिंपी जुन्या कापडाला ठिगळ लावतो त्यातलीच ही गोष्ट. फरक इतकाच की, येथे ठिगळाच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढून ते कापडाशी एकजीव होते. जांघेत काही आठवडे लागणारी कठीण कड ती हीच. रोगी तिला पुष्कळदा उलटलेला अंतर्गळ समजून घाबरतो. कधी जाळीभोवती पाण्यासारखा स्राव साचून मऊ फुगा येतो. तोही बहुधा काही आठवड्यांत जिरतो, आणि तो सुईने काढण्याची घाई केली तर जंतू आत जाण्याचा धोका असतो. पडल्यावर आत जाणारा व खोकताच उसळणारा फुगवटा ही निराळी गोष्ट आहे. ज्वर, लाली व पू, पोटरीची सूज व धाप, किंवा ओकारी होऊन वारा सरेनासा होणे, यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी शस्त्रवैद्याकडे गेले पाहिजे.

अंतर्गळ उलटण्याचे भय असे ओसरले, तेव्हा इतका काळ त्याच्या आड दडलेली एक तक्रार दिसू लागली. जखम मिटली, फुगवटा नाही, तपासणीत दोष नाही, आणि रोगी म्हणतो की दुखते. कोणाला जांघेत आग होते, कोणाला वाकताना वीज चमकल्यासारखे होते, कोणाला मांडीचा भाग बधिर वाटतो, तर कोणाला पत्नीजवळ जाणेही नकोसे होते. पिढ्यान् पिढ्या अशा माणसाला मनाचा रोगी ठरवून वाटेस लावले गेले. १९९६ साली उत्तर अमेरिकेतील काही शस्त्रवैद्यांनी आपल्या रोग्यांना वर्षभराने सरळ विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांना काही ना काही वेदना होती, आणि सुमारे १२ टक्क्यांना ती मध्यम वा तीव्र होती. ध्यानात घेण्याजोगे असे की, या रोग्यांत जाळी लावलेली नव्हती. जुन्या पद्धतींनी टाकेच घातले होते. जाळीलाच सारा दोष देण्याची जी वृत्ती पुढे बळावली, तिला हा आकडा पुष्कळसे उत्तर देतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासदायक वेदनेचे प्रमाण १० ते १२ टक्के धरले आहे. काळाबरोबर ते कमी होत जाते, हाही दिलासा तीत आहे.

कारणे पुष्कळ असली तरी त्यांत कुशिंगचे ते मज्जातंतू प्रमुख आहेत. जांघेतून जाणारे तीन बारीक मज्जातंतू टाक्यात सापडतात, जाळीच्या तंतूंत गुरफटतात किंवा कापले जाऊन त्यांच्या टोकाला गाठ येते. म्हणून आज ते तिन्ही प्रथम ओळखून मगच पुढे जावे असा दंडक आहे. औषधे, मज्जातंतू बधिर करणारी सुई यांनीही वेदना थांबली नाही, तर लिख्टनश्टाइनच्याच संस्थेतील परवीझ अमीद याने सांगितल्याप्रमाणे ते तिन्ही छेदण्याची शस्त्रक्रिया करतात. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर ती तक्रार नव्हे, तो निदान करण्याजोगा उपद्रव आहे, एवढे मान्य होण्यास शतक लोटले.

जाळीची दुसरी अडचण पैशाची होती. कारखान्यात तयार होणारे ते हातभर कापड भारतातील व आफ्रिकेतील शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होते. ते नाही म्हणून ताणाचे टाके, आणि ताणाचे टाके म्हणून पुन्हा अंतर्गळ, हे चक्र तेथे चालूच राहिले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शस्त्रवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड पाहिले व ते जवळजवळ त्याच जातीच्या प्लास्टिकचे आहे हे ओळखले. तुकडे कापून, निर्जंतुक करून ते त्यांनी रोग्यांना लावले, आणि २००३ साली इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. हे कापड फार उष्णतेने आकसते, म्हणून ते १२१ अंश सेल्सियसवर निर्जंतुक करावे लागते. कल्पना इतकी घरगुती होती की, मोठ्या शहरांतील अनेकांना ती प्रथम हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही. २०१६ साली युगांडातील ३०२ पुरुषांवर तिची रीतसर तुलना झाली. निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना महागडी. वर्षभराने मच्छरदाणीच्या गटात एकाचा अंतर्गळ उलटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. इतर उपद्रव दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले.

युगांडातील या रोग्यांना वर्षभराने गाठून विचारणे हा त्या प्रयोगाचाच भाग होता. सामान्य रोग्याच्या वाट्याला ते भाग्य सहसा येत नाही. स्वीडनमध्ये मात्र १९९२ पासून अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. प्रारंभी तीत उलटलेल्या अंतर्गळांच्या दुरुस्त्या तेवढ्या मोजल्या जात. २०१२ पासून शस्त्रक्रियेला वर्ष झाले की रोग्याच्या घरी टपालाने एक प्रश्नपत्रिका जाते. जखमेचे पुढे काय झाले आणि जांघेत अजून दुखते का, हे तीत शस्त्रवैद्याला नव्हे, रोग्याला विचारलेले असते.